पिण्याचं पाणी वेगळं, वापरायचं वेगळं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात गच्चीवर झालेल्या 'आपल्यातलेच वक्ते' या कार्यक्रमातील भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला भाषणाची सवय नाही. अध्यक्षांनी जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "ताई, कॉम्प्युटरवर काहीतरी बोला, पण आमच्या घरच्यांना कळेल असं." त्यावर काकू आतूनच ओरडल्या, "मला कळतं सगळं, यांनाच कळत नाही. यांचा पासवर्डसुद्धा मीच सांगते!" तेव्हाच मी विषय ठरवला. पासवर्ड. त्यातही एकच गोष्ट : घरचे पासवर्ड आणि कामाचे पासवर्ड वेगळे का ठेवायचे, आणि कसे.

मला बहुतेक सगळे ओळखतातच. बी विंग, दुसरा मजला. नोकरी लातूरला, एका शिक्षणसंस्थेच्या हिशेब विभागात. सोमवारी पहाटेची एसटी, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर. शनिवारी संध्याकाळी परत नांदेड. म्हणजे माझं घर एका गावात आणि काम दुसऱ्या गावात. दोन्हींत इतकं अंतर असूनही मी ती दोन्ही एका ठिकाणी कालवून ठेवली आणि त्यातून काय झालं, ते आज पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगते आहे.

आधी जरा मागे जाऊ. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली, पाच लाख लिटर पाणी घेऊन. मी तेव्हा लातूरला एका मावशींकडे खोली घेऊन राहत होते. मावशींचा एकच कडक नियम होता. पिण्याच्या पाण्याची घागर वेगळी, वापरायच्या पाण्याचा ड्रम वेगळा, आणि एकातला तांब्या दुसऱ्यात बुडवायचा नाही. एकदा घाईत माझ्याकडून ड्रममधला तांब्या घागरीत बुडाला. मावशींनी ती अख्खी घागर ड्रममध्ये ओतली. त्या दिवसांत! मी म्हटलं, "मावशी, थोडंच लागलं असेल." त्या म्हणाल्या, "थोडं लागलं का जास्त, हे पोट दुखल्यावर कळतंय. आधी कळत नाही."

हे वाक्य मला पुढे फार महागात पडल्यावर समजलं.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वीची, जून महिन्यातली गोष्ट. प्रवेशाचे दिवस. काम इतकं की शनिवारी-रविवारी मी घरच्या लॅपटॉपवरही ऑफिसचं काम करत असे. त्या लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये माझं घरचं गूगल खातं उघडं असायचं. ऑफिसचा ई-मेल उघडला की वर एक छोटी चौकट यायची : 'पासवर्ड सेव्ह करू का?' आपण काय करतो? 'हो' म्हणतो. मीही म्हटलं. मला वाटलं, तो पासवर्ड लॅपटॉपमध्ये राहिला. प्रत्यक्षात तो गेला माझ्या घरच्या गूगल खात्यात. ते खातं जिथे जिथे उघडेल, तिथे तिथे तो पासवर्ड मागोमाग जाणार. ही सोय म्हणून दिलेली असते आणि सोय आहेच. पण ऑफिसची किल्ली माझ्या घरच्या खुंटीला लागली, हे मला कळलंच नाही.

बरं, घरच्या खात्याचा पासवर्ड काय होता? मुलाचं नाव आणि जन्मसाल. हसू नका, इथे निम्म्या लोकांचा तोच आहे. तोच पासवर्ड मी साड्या मागवायच्या एका वेबसाइटलाही दिलेला. त्या वेबसाइटवरून तो कधीतरी बाहेर पडला. अशा याद्या चोरांच्या बाजारात फिरत असतात. कुणीतरी त्या घेतो आणि तोच ई-मेल, तोच पासवर्ड सगळीकडे लावून बघतो. माझ्या घरच्या ई-मेलला लागला. दुसरी पायरी, म्हणजे मोबाइलवर विचारणा वगैरे, मी चालू केलेलीच नव्हती. आत गेल्यावर त्याला मी जपून ठेवलेली पासवर्डची अख्खी यादी मिळाली, आणि त्यात ऑफिसचा ई-मेल.

साडीच्या दुकानातून माझ्या घरात, घरातून माझ्या ऑफिसात. तीन कुलपं होती, पण किल्ली एकच.

त्या माणसानं माझ्या ऑफिसच्या ई-मेलवरून काही पालकांना पत्रं पाठवली : 'संस्थेचं बँक खातं बदललं आहे, फी या खात्यावर भरा.' खाली माझं नाव, माझा हुद्दा. अक्षर न् अक्षर खरं वाटणारं. बहुतेक पालकांनी फोन करून विचारलं, म्हणून वाचलो. एका पालकांनी विचारलं नाही. शेतकरी माणूस. राखून ठेवलेलं सोयाबीन विकून मुलीच्या फीचे पैसे उभे केले होते, ते त्यांनी त्या खात्यावर भरले. संध्याकाळी पावती मागायला त्यांचा मला फोन आला. "मॅडम, तुमचंच पत्र आलं होतं की."

तो आवाज मी विसरू शकत नाही. त्यात राग नव्हता. माझ्या नावावरचा विश्वास होता, म्हणून जास्त लागलं.

सुदैवानं तिथल्या एका सहकाऱ्याला १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन क्रमांक माहीत होता. त्याच तासाला त्यांना तिथे तक्रार करायला लावली. मोठी रक्कम पुढच्या खात्यात अडवली गेली आणि काही महिन्यांनी परत मिळाली. राहिलेली थोडी रक्कम मी माझ्या पगारातून भरली. कुणी सांगितलं नव्हतं, पण झोप लागत नव्हती. चौकशीत माझी चूक मीच लिहून दिली. नोकरी राहिली. पण मधल्या आठ दिवसांत संशय आमच्या विभागातल्या एका नव्या मुलावर गेला होता, कारण त्याला कॉम्प्युटरचं जास्त कळायचं. त्याची मी माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, कामून एवढं मनाला लावून घ्यायलात?" पण त्यानं ते आठ दिवस कसे काढले असतील, ते त्यालाच माहीत.

तुम्ही म्हणाल, ही तर साधी हिशेबनीस बाई, हिला काय कळतं. म्हणून ज्यांना कळतं त्यांचं सांगते. ऑक्टा नावाची अमेरिकन कंपनी आहे. जगातल्या हजारो कंपन्यांच्या लॉगिनची व्यवस्था बघणं हाच तिचा धंदा. २०२३ मध्ये तिच्या ग्राहक-मदत यंत्रणेत चोर शिरले आणि १३४ ग्राहकांच्या फायलींपर्यंत पोचले. चौकशीत काय निघालं? एका कर्मचाऱ्यानं कंपनीच्या लॅपटॉपवर, क्रोममध्ये, आपलं घरचं गूगल खातं उघडलं होतं. कामाचा एक पासवर्ड त्या घरच्या खात्यात सेव्ह झाला. कंपनीचं म्हणणं, बहुधा ते घरचं खातं किंवा घरचं यंत्र फुटलं आणि तिथून किल्ली गेली. म्हणजे अगदी माझीच गोष्ट, फक्त साडीचं दुकान सोडून! आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, सिस्को या नेटवर्क क्षेत्रातल्या बड्या कंपनीतही सुरुवात तशीच झाली होती : कर्मचाऱ्याचं घरचं गूगल खातं फुटलं आणि त्यात कंपनीचा पासवर्ड साठवलेला होता.

आपल्याकडे बँकांची नावं निघाली की लोक पुण्याच्या कॉसमॉस बँकेचं उदाहरण देतात. ऑगस्ट २०१८, सुमारे ९४ कोटी रुपये. पण ते प्रकरण वेगळं होतं, तिथे एटीएमच्या यंत्रणेतच घातक प्रोग्राम घुसवला होता. तसलं काही रोखणं तुमच्या-माझ्या हातात नाही. मी बोलते आहे ते आपल्या हातातलं.

आता दुसरी गोष्ट, आपल्या सोसायटीतली. ही सांगताना मी नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आपले तेव्हाचे सचिव काका गेले. ज्यांनी या इमारतीची वीट न् वीट ओळखली होती, ते काका. सोसायटीचा ई-मेल त्यांच्या स्वतःच्या मोबाइल नंबरवर काढलेला. बँकेचे ओटीपी त्यांच्या नंबरवर. सार्वजनिक विजेचं बिल, लिफ्टचा करार, पाण्याच्या मोटारीचं सगळं त्यांच्याच फोनवर. ते सगळं एकट्यानं सांभाळत आणि आपण निवांत होतो. वॉचमनचा पगार थांबला. लिफ्टवाल्याची मुदत संपली. आणि चौदावा उरकला न उरकला तोच आम्ही तिघं-चौघं काकूंच्या दारात उभे राहिलो.

काकूंनी कपाटातून एक डायरी आणून माझ्या हातात दिली. "घे बाई, तूच बघ. मला त्यातलं काही कळत नाही." त्या डायरीत एका पानावर सोसायटीचं बँक खातं, त्याखाली काकांची पॉलिसी, त्याखाली मुलाचं काहीतरी, त्याखाली दवाखान्याचं, मग परत सोसायटीचं वीजबिल. सोसायटीचा एक पासवर्ड शोधायला मला त्या घराची पानं न् पानं वाचावी लागली. काय वाचलं ते मी कधीच कुणाला सांगणार नाही. पण जे मी बघायला नको होतं, ते बघितलं. आणि काकू समोर बसून होत्या.

माझ्या प्रकरणात घरातून ऑफिसला धक्का बसला. इथे उलटं झालं, कामासाठी घर उघडं पडलं. म्हणून म्हणते, वेगळं ठेवणं हे काही फक्त चोरांसाठी नाही. ते आपल्या माणसांची लाज राखण्यासाठीही आहे.

आता करायचं काय, ते सांगते. पासवर्ड मॅनेजर म्हणजे पासवर्डची तिजोरी. मोबाइलवर आणि कॉम्प्युटरवर चालणारं एक अॅप. बिटवॉर्डन आहे, ते मोफतही मिळतं. कीपास आहे, त्यात सगळं आपल्याच यंत्रावरच्या एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतं. आणखीही आहेत. आत प्रत्येक ठिकाणचा वेगळा, लांबलचक, आठवणीत न राहणारा पासवर्ड ते अॅपच तयार करून ठेवतं. तुम्ही लक्षात ठेवायचा फक्त एक, मास्टर पासवर्ड.

आणि इथेच माझा मुद्दा आहे. तिजोरी एक नको, दोन पाहिजेत. एक घरची, एक कामाची. खाती वेगळी, मास्टर पासवर्ड वेगळे.

आमच्या पुतण्यानं मला विचारलं, "काकू, एकाच तिजोरीत दोन कप्पे केले तर?" कप्प्यांनी पसारा आवरतो, पण बाहेरचं दार एकच राहतं. ते उघडलं की दोन्ही कप्पे उघडे. शिवाय दुसरी अडचण नोकरी सोडताना येते. ऑफिसची तिजोरी ऑफिसची असते. ऑफिस ती बंद करू शकतं आणि व्यवस्था तशी असेल तर आतलं बघूही शकतं. आज राजीनामा दिला, संध्याकाळी खातं बंद. त्यात तुमची पॉलिसी आणि मुलाच्या परीक्षेचं लॉगिन अडकलं, तर कुणाकडे रडायचं? म्हणून ऑफिसचं घरच्या तिजोरीत नको, तसंच घरचं ऑफिसच्या तिजोरीत नको.

ब्राउझरचंही तसंच. क्रोममध्ये दोन प्रोफाइल करता येतात. माझं घरचं हिरवं, ऑफिसचं निळं. रंग बघूनच कळतं मी कुठे आहे. ऑफिसच्या यंत्रावर घरचं खातं उघडत नाही, आणि ब्राउझरची 'सेव्ह करू का' ही चौकट बंदच करून टाकली आहे. खातं परत मिळवायला जो दुसरा ई-मेल आपण देतो, तोही तपासा. घरच्या खात्याला ऑफिसचा ई-मेल दिलेला असेल, तर मागच्या दारानं दोन्ही घरं जोडलेलीच राहिली.

मास्टर पासवर्ड लांब हवा. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. करडई, रिक्षा, पाटा, बगळा, चष्मा, असं काहीतरी. हेच घेऊ नका, आता सगळ्या गच्चीनं ऐकलं! नावं, जन्मसाल, गाडीचा नंबर नको. आणि तिजोरीला दुसरी पायरी, मोबाइलवरची विचारणा, चालू करा.

कुलकर्णी सर नेहमी विचारतात तसा प्रश्न कुणीतरी विचारणारच, की ती तिजोरीची कंपनीच फुटली तर? रास्त प्रश्न आहे. लास्टपास या कंपनीचं २०२२ मध्ये तेच झालं. आणि कसं झालं ते ऐका. तिथल्या एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर गाणी-सिनेमे बघायचं एक जुनं सॉफ्टवेअर होतं. त्यातल्या फटीतून चोर शिरला, तो जे टाइप करतो ते टिपलं, आणि त्याच्या कामाच्या तिजोरीचा मास्टर पासवर्ड मिळवला. घरच्या यंत्रावर कामाची तिजोरी! ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, पण त्यांतले पासवर्ड कुलूपबंद होते. ज्यांचा मास्टर पासवर्ड लांब आणि वेगळा, त्यांचं कुलूप तोडणं फार अवघड. ज्यांचा मुलाच्या नावाचा, त्यांचं सोपं.

आणि ज्या काका-काकूंना हे अॅप वगैरे नकोच आहे, त्यांना सांगते, वही वाईट नाही. लांबचा चोर तुमच्या कपाटातली वही वाचू शकत नाही. फक्त दोन वह्या करा. एक घरची. आणि ट्रस्टचं, भिशीचं, दुकानाचं, सोसायटीचं जे काही बघत असाल, त्याची दुसरी. उद्या कुणाला द्यायची वेळ आली, तर एक वही देता येईल, अख्खं कपाट नाही.

सोसायटीचं आपण काय केलं, तेही नोंदवून ठेवते, म्हणजे पुढच्या समितीला सापडेल. सोसायटीच्या नावावर वेगळं सिमकार्ड घेतलं. सोसायटीचा वेगळा ई-मेल केला. वीज, लिफ्ट, कर या सगळ्यांची एक वेगळी तिजोरी, जी अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार उघडू शकतात. बँकेचं नेटबँकिंग मात्र ज्याचं त्याच्याच नावानं. ते कुणी कुणाला द्यायचं नाही, तिजोरीतही ठेवायचं नाही. मास्टर पासवर्ड सीलबंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये. आणि समिती बदलली की चार्ज देताना दप्तर, शिक्के, किल्ल्या यांच्याबरोबर पासवर्डही द्यायचे, आणि घेणाऱ्यानं त्याच दिवशी बदलायचे. घरीही एक पाकीट करा. नवऱ्यानं बायकोला, बायकोनं नवऱ्याला, ते कुठे आहे एवढं सांगून ठेवा. अशुभ नाही त्यात काही. काकूंवर जी वेळ आली, ती येऊ नये एवढंच.

एवढं करूनही फसलात, तर लाजून गप्प बसू नका. आधी बँक, लगेच १९३०. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं होतं, की चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या अंगावर येत नाही. पण ओटीपी तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, असंही त्यात होतं. दोन्ही बाजूंनी घाई आपल्यालाच करायची आहे.

शेवटचं सांगते आणि थांबते, खाली भाकरी-पिठल्याचा वास सुटलाय. पंचवीस वर्षांपूर्वी ही इमारत बांधली तेव्हा आपल्या जुन्या मंडळींनी प्रत्येक स्वयंपाकघरात दोन नळ घेतले. एक विष्णुपुरीच्या पाण्याचा, एक बोअरचा. पाइपही दोन, वरच्या टाक्याही दोन. तेव्हा काहीजण म्हणाले होते म्हणे, की एवढा खर्च कशाला, एकच टाकी पुरे. आज आपल्या घरातलं चार वर्षांचं पोरसुद्धा बोअरच्या नळाला तोंड लावत नाही. त्याला कुणी भाषण दिलेलं नाही. घरात पहिल्यापासून तसंच आहे, म्हणून त्याला ते माहीत आहे.

ज्यांना तिजोरी करून घ्यायची असेल, त्यांनी रविवारी दहा वाजता क्लब हाऊसमध्ये यावं. मोबाइल आणा, चष्मा आणा. पासवर्ड मला सांगू नका.